कोकणात चारा लावायचा कसा आणि टिकवायचा कसा : नव्याने गुरं पाळणाऱ्यांसाठी

आमच्या कुडाळ तालुक्यात पावसाळ्यात गवताला तोटा नसतो. मेरेवर गवत, गडग्यावर गवत, विहिरीच्या कठड्याला पडलेल्या भेगेतही गवत. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. मग दिवाळी झाली की पुढचा मृग येईपर्यंत सहा-सात महिने कोरडे. गावी परत येऊन दोन गाई घ्याव्यात असं मनात असलेली माणसं बहुधा गणपतीला येतात, चहूकडे हिरवं बघतात आणि त्याच भरात गाई घेतात. मार्चमध्ये तीच गाय मांगरात उडवीचा पेंढा चघळत उभी असते आणि दुधाची किटली अर्धीही भरत नाही.

ही वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हे लिहिते आहे. चारा लावणं कठीण नाही, एका पावसात कुणीही लावतो. तो चार वर्षं टिकवणं हे खरं काम, आणि ते कापणाऱ्याच्या हातात असतं. किती उंचीवर कापलं, किती दिवसांनी कापलं आणि नेलं त्याच्या बदल्यात जमिनीला काय दिलं, यावर सगळं ठरतं.

नेपियर या उंच वाढणाऱ्या चाऱ्याच्या गवताचा माझा पहिला तुकडा दोन वर्षांत संपला. मळ्यातली पाच गुंठे जमीन होती. पहिल्या वर्षी गवत डोक्याच्या वर गेलं, बघायला माणसं आली. मी गड्याला सांगितलं होतं, जमिनीसरशी साफ काप, वीतभर फुकट कशाला ठेवायचं? दुसऱ्या पावसात निम्मी ठोंबं, म्हणजे एका बुडातून फुटलेले गवताचे झुबके, कुजली. तिसऱ्या मृगाला उरलेल्या ठोंबांतून चार-चार पिवळट काड्या वर आल्या. शेजारच्या आबांनी एक ठोंब हाताने ओढलं, ते मुळासकट सुटून आलं. ते एवढंच म्हणाले, “बुडात जीव ठेव, मगे काप.” पुढे जे लिहिलं आहे ते या एका वाक्याचाच विस्तार आहे.

आधी हिशेब, मग कांड्या

चारशे किलो वजनाच्या दुभत्या गाईला पाण्याचं वजन वगळून दिवसाला दहा ते बारा किलो खाद्य लागतं. हिरव्या चाऱ्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. म्हणून व्यवहारात वीस ते पंचवीस किलो हिरवी वैरण, पाच-सहा किलो पेंढा किंवा सुकं गवत आणि वर दुधाप्रमाणे खुराक असं धरतात. आपली कोकण कपिला अंगाने लहान, तिला याहून बरंच कमी लागतं. पहिली गाय घेताना ही गोष्ट जरूर लक्षात घ्या.

पंचवीस किलोने वर्षाचे नऊ टन होतात. बारमाही पाण्याखाली संकरित नेपियर हेक्टरी १५० ते २०० टन हिरवा चारा देतं असं शिफारशींत लिहिलेलं असतं. नवख्या हाताने त्याच्या निम्मं धरावं. हेक्टरात शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला वर्षाकाठी पाऊण ते एक टन. एका मोठ्या गाईला दहा-बारा गुंठे, तेही मेपर्यंत पाणी पुरलं तर. विहिरीला पाणी किती आहे ते ऑक्टोबरात बघून काही कळत नाही, तेव्हा सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दोर सोडून बघा. तेव्हा जे उरलेलं असेल त्यावर लागवडीचा आकडा ठरवा.

कुठल्या जमिनीत काय

कोकणातली जांभ्याची माती आंबट, बहुतेक ठिकाणी सामू पाच ते सहाच्या दरम्यान. एवढ्या पावसात चुना, पालाश (पोटॅश) धुऊन जातात. घाटावर पाहुण्यांच्या शेतात लसूणघास बघून बी आणायचा मोह होतो, तो आवरा. लसूणघासाला आंबट माती चालत नाही आणि पाणी साचलेलं तर मुळीच चालत नाही. आपल्याकडे त्याच्या जागी चवळी आणि स्टायलो हे शेंगावर्गातलं झुडूप.

मळ्यात जुलैत पाणी उभं राहत असेल तर तिथे नेपियर सपाटीवर लावू नका. गादीवाफे किंवा उंच वरंबे करून दोन्ही बाजूंनी चर काढता आला तरच लावा. जिथे चर काढूनही पाणी हटत नाही, व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठची, पायाखाली चुबुक-चुबुक करणारी जागा असते, तिथे पॅरा गवत घाला. ते पाण्यात उभं राहतं, जमिनीवर सरपटत जातं आणि पेरापेराला मूळ धरतं. भरडावर, म्हणजे उंचावरच्या कोरडवाहू जमिनीवर, जिथे फेब्रुवारीनंतर पाणी नाही तिथे गिनी गवत आणि स्टायलो. माडाच्या आगरात गिनी. एवढं लक्षात ठेवलंत तर निम्म्या चुका टळतील. चुना किती घालायचा ते माती तपासून घेऊनच ठरवा. आमच्या जिल्ह्यात किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, बाकीच्या जिल्ह्यांतही अशी केंद्रं आहेत. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ तर १९७२ पासून याच मातीवर काम करतं आहे.

नेपियरची लागवड

संकरित नेपियर म्हणजे बाजरी आणि नेपियर, ज्याला आपण हत्ती गवत म्हणतो, यांचा संकर. या संकराला रुजणारं बी धरत नाही. म्हणून ते कांडीने किंवा ठोंबानेच वाढवावं लागतं. कुणी पुडीतून संकरित नेपियरचं बियाणं म्हणून काही विकत असेल तर ते दुसरंच काहीतरी आहे. राहुरीचं फुले जयवंत, कोइमतूरचं को-४ आणि को-५ ही खात्रीची नावं. मोठमोठ्या आकड्यांच्या जाहिराती बघून एकेका कांडीला पैसे मोजण्याची गरज नाही. ज्याच्याकडे तीन वर्षं हिरवागार उभा असलेला वाफा आहे अशा माणसाकडून कांड्या आणा, आणि तो कसा कापतो हेही त्याच वेळी बघून या.

कांडी तीन-चार महिन्यांच्या पक्क्या ताटाची घ्या. शेंड्याकडचा कोवळा भाग टाकून द्या. दोन डोळ्यांचे तुकडे करा. तिरपी लावा, एक डोळा मातीत आणि दुसरा मातीच्या लगत, डोळ्याचं तोंड वर. उलटी कांडी रुजायला उशीर होतो, कधी रुजतच नाही. दोन ओळींत ९० सेंटिमीटर आणि दोन कांड्यांत ६० सेंटिमीटर ठेवलं तर गुंठ्याला सुमारे १९० कांड्या बसतात. दाट लावण्याचा हात आवरा. पहिल्या वर्षी रिकामी वाटणारी ती जागा दुसऱ्या वर्षी भरून जाते.

वेळ कोणती? पुस्तकं जून-जुलै सांगतात. आर्द्रा-पुनर्वसूच्या झडीत आमच्याकडे कांड्या कुजताना मी बघितल्या आहेत. पाणी असेल तर रोहिणी नक्षत्रात, मेच्या शेवटी लावा, म्हणजे मृग लागेपर्यंत मुळं धरतात. ते चुकलं तर पावसाचा जोर ओसरल्यावर, मघा-पूर्वाच्या सुमारास, म्हणजे ऑगस्टच्या शेवटी लावा. कांडीऐवजी मूळ असलेलं ठोंब मिळालं तर पावसात ते जास्त भरवशाचं. लावण्याआधी गुंठ्याला किमान दोन-अडीच क्विंटल कुजलेलं शेणखत सरीत घाला. पहिले दोन महिने तण काढत राहा. एकदा सावली धरली की नेपियर स्वतःच तणाला दाबतं.

कापल्यावर ठोंबाच्या आत काय होतं

हे एकदा डोळ्यांनी बघाच. नेपियर कापल्यानंतर रोज सकाळी एकाच ठोंबापाशी जा. तिसऱ्या दिवशी काही खुंटांच्या कापलेल्या तोंडातून मधलं पान बोटभर वर आलेलं दिसेल. त्या खुंटाचा शेंडा कापणीतून वाचलेला असतो. बाकीचे खुंट तसेच, सुकलेल्या तोंडाचे. पाचव्या-सहाव्या दिवशी खाली बुडाशी, जुन्या पानाचा सुकलेला पापुद्रा फोडून फिकट हिरवे, जरा जांभळट, भाल्यासारखे टोकदार कोंब बाहेर येतात. हे डोळ्यांतून आलेले फुटवे. पुढची कापणी यांची.

आता विचार करा, त्या आठवडाभर ठोंबावर एकही पान नाही. पान नाही तर अन्न तयार कुठून होणार? कोंब वाढतो तो बुडात आणि मुळांत साठवलेल्या साखरेवर. तीन-चार पानं उघडली की तो आपल्या पायावर उभा राहतो, आणि त्यानंतर कुठे बुडातलं रिकामं झालेलं कोठार पुन्हा भरायला लागतं. ते भरण्याआधीच, पंचवीसाव्या दिवशी, पुन्हा विळा चालवला तर ठोंब उरल्यासुरल्या साठ्यावर एकदा फुटतं, दुसऱ्यांदा कमी फुटतं आणि तिसऱ्यांदा बारीक काड्या काढतं. वर चारा कमी येतो आहे हे आपल्याला दिसतं. खाली मुळंही तेवढीच आखडलेली असतात, ते दिसत नाही. आबांनी ओढल्यावर माझं ठोंब सहज निघालं त्याचं कारण हेच.

जमिनीसरशी कापलं तर आणखी एक नुकसान. खालचे डोळेच विळ्याबरोबर जातात, आणि उघड्या पडलेल्या बुडावर पावसाचं पाणी साचून कूज आत शिरते.

म्हणून नेपियर आणि गिनी दोन्ही जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर ठेवून कापा. मोजायला पट्टी नको. ठोंबाशेजारी मूठ टेकवून अंगठा उभा करा, साधारण तेवढं. गड्याला नुसतं सांगून भागत नाही, पहिली ओळ त्याच्याबरोबर कापा. विळा धारदार हवा. बोथट विळ्याने ताट चिरतं, ठोंब हलतं, मुळं ढिली होतात.

किती दिवसांनी कापायचं

लागवडीनंतर पहिली कापणी साठ-सत्तर दिवसांनी करा. घाई नको, या काळात मुळं बसत असतात. त्यानंतर दर ४० ते ४५ दिवसांनी.

तीस दिवसांच्या नेपियरचं पान लुसलुशीत असतं, गाय आवडीने खाते, प्रथिनंही जास्त. पण त्यात पाणी फार, वजन कमी, ऑक्झलेट (चाऱ्यातलं कॅल्शियम धरून ठेवणारं द्रव्य) जास्त आणि ठोंबाचं कोठार रिकामं. सत्तर-पंचाहत्तर दिवसांचं गवत वजनाला भरपूर भरतं, भारे दिसायला मोठे. मात्र त्यात ताट जास्त, पान कमी, प्रथिनं बरीच खाली आलेली, आणि कुट्टी केली नाही तर निम्मी ताटं गव्हाणीत तशीच पडून राहतात. पंचेचाळीस दिवसांच्या आसपास दोन्हींचा मेळ बसतो. उंचीवरून ओळखायचं तर गवत खांद्याला लागलं की कापा, डोक्यावर जायची वाट बघू नका.

हे दिवस पाणी-खत असलेल्या गवताचे. आमच्याकडे हिवाळा सौम्य, त्यामुळे घाटावर थंडीत नेपियर जसं आखडतं तसं इथे होत नाही. पाणी दिलंत तर जानेवारीतही वाढ चालू राहते. पाणी नसेल तर मात्र नियम वेगळा. भरडावरच्या गिनीची शेवटची कापणी ऑक्टोबरच्या शेवटी करा आणि ती जरा उंचावर, वीस-पंचवीस सेंटिमीटर ठेवून करा. मग विळा आडोशाला ठेवायचा. नोव्हेंबरात वर जे थोडं हिरवं येतं ते ठोंबासाठी आहे, त्याच्या जिवावर ते मेपर्यंत तग धरतं. डिसेंबरात तो तेवढा एक भारा कापायचा मोह ज्याने आवरला त्याचं गवत मृगाच्या पहिल्या सरीला आठ दिवसांत हिरवं होतं. मी दोन ओळी शेजारी-शेजारी ठेवून हे करून बघितलं. नोव्हेंबरात कापलेल्या ओळीतली तिसरा हिस्सा ठोंबं मेमध्ये मेलेली होती, न कापलेल्या ओळीतली दोनच.

उभी वाढणारी गवतं, नेपियर किंवा गिनी, यांच्यात गुरं चरायला सोडू नका. गाय ओढून खाते, ठोंब तुडवते आणि आवडलेला कोवळा फुटवा पुन्हा-पुन्हा तोडते. चरण्यासाठी पॅरासारखी सरपटणारी गवतं बरी, त्यांचे डोळे जमिनीलगत पसरलेले असतात आणि दातातून वाचतात. तरीही तीन-चार आठवडे विसावा त्यांनाही हवा.

नेलं तेवढं परत

एक टन हिरवं नेपियर नेलं म्हणजे पाणी वजा जाता सुमारे २०० किलो सुकं वजन नेलं. त्यात दीड टक्का नत्र धरलं तर तीन किलो नत्र जमिनीतून गेलं. पालाश दोन टक्के धरलं तर तो चार किलो. तीन किलो नत्र म्हणजे साडेसहा किलो युरिया. दहा गुंठ्यांतून वर्षाला आठ-दहा टन नेत असाल तर जमिनीचं देणं किती झालं ते तुम्हीच मांडा. पहिल्या वर्षी जमीन उधार देते, तिसऱ्या वर्षी पीक पिवळं पडतं आणि आपण जातीला नावं ठेवतो.

सर्वांत सोपी परतफेड गोठ्यातूनच होते. गोठ्याचा उतार नेपियरच्या बाजूला काढा. गोमूत्र आणि धुतलेलं पाणी एका चराने थेट सरीत जाऊ द्या. गाईने खाल्लेल्या पालाशाचा मोठा हिस्सा मूत्रातूनच बाहेर पडतो, आणि बहुतेक गोठ्यांत तो मागच्या भिंतीशी डबक्यात मुरतो. मात्र रोज एकाच सरीत सोडू नका, तिथलं गवत जळतं. चराला मातीचे बांध घालून आलटून-पालटून द्या.

त्यावर दर कापणीनंतर गुंठ्याला अर्धा ते पाऊण किलो युरिया. कापल्यावर चार-पाच दिवसांनी, कोंब दिसायला लागल्यावर, ओल असताना. मुसळधार पावसाच्या तोंडावर टाकलात तर तो व्हाळात जातो. पावसाळ्यात दोन सरींमधली उघडीप धरा. पावसाळा संपताना शेणखताचा मोठा हप्ता द्या आणि ठोंबांना मातीची भर लावा, चार महिन्यांच्या पावसाने मुळं उघडी पडलेली असतात.

भरड आणि सड्यासाठी स्टायलो

याच्याबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण पाण्याची सोय नसलेल्या माणसाला कोकणात याहून बरं काही मिळणार नाही. स्टायलो शेंगावर्गातलं बुटकं झुडूप, पिवळ्या फुलांचं. आंबट, हलकी, निकस माती त्याला चालते. मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र घेतं, त्यामुळे युरिया लागत नाही. थोडं स्फुरद (फॉस्फरस) दिलं तर मात्र उपकार मानतं.

बियाला कठीण कवच असतं. तसंच पेरलं तर बरंचसं त्या वर्षी रुजतच नाही. साधारण ८० अंश गरम पाण्यात, म्हणजे उकळी येऊन खाली उतरवल्यावर थोडा वेळ थांबलेल्या पाण्यात, तीन-चार मिनिटं बी बुडवा, लगेच गार पाण्यात काढा आणि सावलीत सुकवा. गुंठ्याला शंभर ग्रॅम पुरतं. बी फार बारीक, म्हणून कोरड्या मातीत मिसळून फेका. मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरी झाल्यावर, जमीन नांगराने किंवा निदान कुदळीने खरवडून पेरा आणि वरून काटेरी फांदी फिरवा. खोल गाडलंत तर बी वर येत नाही.

पहिला पावसाळा धीर धरावा लागतो. जुलैत वाफ्यात बघाल तर तण दिसेल आणि स्टायलो शोधावं लागेल. खाली वाकून बघा, तीन-तीन पानांची नखाएवढी रोपं असतात. रोपाला सावली करणारं तण तेवढं काढा. या पहिल्या पावसाळ्यात एकही जनावर आत जाता कामा नये. सप्टेंबरच्या शेवटी रोप गुडघ्याला लागलं की पहिली कापणी करा, १५ सेंटिमीटर ठेवून. इथे एक फरक लक्षात घ्या. गवताचे डोळे बुडाशी असतात, स्टायलोचे फांदीवर. फांदी मुळापासून काढली तर फुटायला काही उरतच नाही.

आणि टिकवण्याची खरी किल्ली वेगळीच आहे. स्टायलोचं एक झाड फार वर्षं जगत नाही, पण त्याचं बी पुढचं राज्य चालवतं. म्हणून दरवर्षी नोव्हेंबरनंतर निदान एक पट्टा न कापता सोडा, त्याला फुलू द्या, बी पडू द्या. पुढच्या वर्षी दुसरा पट्टा. आमच्या सड्याच्या (कातळाच्या माळाच्या) कडेला असलेल्या तुकड्यात मी पाच वर्षांपूर्वी एकदाच बी टाकलं. आता दर जूनला जुन्या खुंटांच्या मधल्या मातीत रोपांची साय धरते.

सड्यावरचं रानगवतही कापणीच्या वेळेवरच चांगलं किंवा वाईट ठरतं. आपल्याकडे ते कापतात ते पार सुकल्यावर, नोव्हेंबरात. तोपर्यंत बी झडलेलं असतं, कुसळं झालेली असतात आणि पानातला कस उतरलेला असतो. निम्मं गवत फुलोऱ्यात असताना कापलं तर तेच गवत कितीतरी पौष्टिक. अडचण हस्ताच्या पावसाची, हे मला माहीत आहे. म्हणून सगळं एकदम न कापता उघडीप बघून दोन-दोन दिवसांचं कापा, सुकलं की मांगरात घ्या, मग पुढचं. भारा उचलण्याआधी काठीने हलवून बघा. कातळावरच्या गवतात फुरसं असतं आणि ते सुकल्या गवताच्याच रंगाचं असतं.

माडाखाली आणि आंब्याखाली

माड साडेसात मीटरवर असतील आणि वीस-पंचवीस वर्षांच्या वरचे असतील तर खाली बऱ्यापैकी ऊन उतरतं. तिथे गिनी गवत मजेत वाढतं, नेपियरपेक्षा सावली जास्त सोसतं. बुंध्याभोवती दोन मीटरचं आळं मोकळं ठेवा आणि माडाचं खत वेगळं द्या, नाहीतर गवत माडाच्या तोंडचा घास काढतं आणि दोष माडावर येतो.

हापूसच्या बागेबद्दल मी सावध राहीन. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कीटकनाशकांच्या फवारण्या चालू असतात, आणि ते खालच्या गवतावर गळतं. त्या महिन्यांत बागेतलं गवत गुरांना घालू नका. पावसाळ्यातलं कापून न्यायला हरकत नाही. पॅक्लोब्युट्राझोल (मोहोर लवकर यावा म्हणून आंब्याला देतात ते औषध) दिलेल्या झाडांच्या आळ्यातलं मात्र मी कधीच नेत नाही. ते मातीत बराच काळ राहतं.

गव्हाणीत काय घालायचं

नेपियरमध्ये ऑक्झलेट असतं, भाताच्या पेंढ्यातही असतं, आणि ते चाऱ्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं. आपल्याकडच्या गाईचं वर्ष या दोघांवरच जातं. म्हणून रोजचं खनिज मिश्रण चुकवू नका आणि चाऱ्यात एक हिस्सा तरी शेंगावर्गीय ठेवा. भात कापल्या-कापल्या, मातीत ओल असताना मळ्यात चवळी टाका, पन्नास-साठ दिवसांत निम्मी फुलं दिसली की कापा. वाल, कुळीथ झोडपल्यावर उरलेला पाला आणि भुसा तर सोन्यासारखा, तो जाळू नका.

वईला (कुंपणाला) गिरिपुष्प आणि शेवरी लावा. गिरिपुष्पाच्या वासाने गाय पहिल्यांदा तोंड फिरवते, पाला दिवसभर सुकवून थोडा-थोडा पेंढ्यात मिसळला की आठवड्यात सवय होते. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर नको, त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ज्वारी लावलीत तर फुलोऱ्याआधी गुरांना देऊ नका. कोवळ्या आणि पाण्याअभावी खुरटलेल्या ज्वारीने जनावर तासाभरात जातं. घाणेरीची झुडपं वईत असतील तर उपटून टाका.

ऑगस्टमध्ये चारा उतू जातो आणि ऊन नसल्याने सुकवता येत नाही. त्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला चारा, करा. गवत फार ओलं असतं म्हणून कुट्टीत सुकलेल्या पेंढ्याची कुट्टी मिसळा, वरून पातळ केलेला गूळ किंवा मळी शिंपडा, पिशवीत पायाने तुडवून हवा काढा, तोंड घट्ट बांधा. पंचेचाळीस दिवस उघडू नका. उघडल्यावर आंबटगोड वास यायला हवा. कुजका वास आला किंवा बुरशी दिसली तर ते गव्हाणीत नको, खताच्या खड्ड्यात. ओल्या मळ्यात गवत कापायला अनवाणी उतरू नका, पायाला जखम असेल तर मुळीच नको. आपल्या जिल्ह्यात लेप्टोच्या तापाने (लेप्टोस्पायरोसिस) माणसं गेली आहेत. गमबूट घ्या.

राखण

भात निघालं की गावातली गुरं मोकळी सुटतात, आणि एप्रिलमध्ये गावभरात हिरवा तुकडा तुमचाच असतो. वई आधी, लागवड नंतर. गव्यांचा वावर असलेल्या गावात नुसता गडगा पुरत नाही, तुकडा घराच्या जवळच घ्या. सड्यावरच्या तुकड्याभोवती जानेवारीतच तीन-चार मीटरची पट्टी खरवडून जाळरेषा काढा. वणवा एका दुपारी पाच वर्षांचं स्टायलो नेतो.

जुनं ठोंब काढताना

चौथ्या वर्षाच्या सुमारास नेपियरचं ठोंब टोपलीएवढं रुंद होतं आणि मधोमध पोकळ. फुटवे फक्त कडेने येतात, मध्ये जुने खुंट काळे पडलेले असतात. खत वाढवून ते भरत नाही. एकदम सगळा तुकडा काढू नका, नाहीतर तीन महिने गव्हाण रिकामी राहील. दरवर्षी चौथा हिस्सा काढा. मेच्या शेवटी, जमीन भिजवून, पहारीने ठोंब उचला. कडेचे पांढऱ्या मुळांचे, जोमदार तुकडे कोयत्याने सोडवा, प्रत्येकाला दोन-तीन फुटवे राहू द्या आणि ते लगेच ओल्या गोणपाटात गुंडाळा. मधला काळा गड्डा खड्ड्यात टाका. जुन्या ओळीच्या जागी नव्हे, दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात नवी सरी पाडा, शेणखत घाला आणि त्याच संध्याकाळी लावून पाणी द्या.